चार महिने वजा करून शेळ्या पाळा: कोकणातल्या घरगुती शेळीपालनाचं वर्ष

शेळीपालनाची बहुतेक पुस्तकं आणि व्हिडिओ घाटावरचे. तिथे प्रश्न पाण्याच्या टंचाईचा, आपल्याकडे प्रश्न पाण्याच्या सुकाळाचा. मी पहिल्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी घाटावरच्या बाजारातून आठ शेळ्या आणल्या, तेव्हा हा फरक डोक्यात नव्हता. गोठा म्हणजे जुन्या पडवीला लावलेले दोन पत्रे आणि खाली शेणाने सारवलेली जमीन. नागपंचमीपर्यंत आठातल्या तीन राहिल्या. त्या पाच औषधाविना गेल्या नाहीत. औषधं चालूच होती, पण जनावरं ओल्यात उभी होती. सासूबाईंनी तेव्हा एवढंच सांगितलं, "आधी जागो सुको कर, मगे चारो घाल."

त्यानंतर मी शेळ्यांचं वर्ष पावसाभोवती आखायला लागले. खालचं सगळं त्याच क्रमाने आहे. माप चार-पाच शेळ्यांपासून पंधरापर्यंतच्या घरगुती कळपाचं. शंभर शेळ्यांच्या फार्मचं अर्थशास्त्र वेगळं, ते इथे नाही.

गोठा: जमिनीवर नको, माचावर हवा

कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. त्या काळात जमिनीवरचा गोठा कोरडा ठेवणं अशक्य असतं. रोज राख टाका, भाताचं तूस टाका, दोन दिवसांत चिखल. म्हणून लाकडी फटींचा उंच माच. लेंडी आणि मूत फटीतून खाली पडतं, शेळी वर कोरडी बसते.

माच जमिनीपासून साडेतीन-चार फूट उंच ठेवा. कमी ठेवला तर खाली वाकून लेंडी ओढता येत नाही, मग ती साचते आणि वर वास चढतो. खांबांना चिऱ्याचे किंवा सिमेंटचे पाये द्या, नाहीतर वाळवी दोन वर्षांत हिशेब पुरा करते. पट्ट्या पोफळीच्या, बांबूच्या किंवा चांगल्या जंगली लाकडाच्या. पोफळ आगरात फुकट मिळते, पण तिची कुसळं खुरात घुसतात, तेव्हा कडा घासून घ्या. दोन पट्ट्यांमधली फट अर्धा इंच. पाऊण इंचाची फट मोठ्या शेळीला चालते, पण पिल्लाचा पाय अडकून मोडतो.

जागेचा हिशेब सोपा आहे. मोठ्या शेळीला १० ते १२ चौरस फूट, बोकडाला २० ते २५, पिल्लाला ४ ते ५. दहा शेळ्या, एक बोकड आणि पंधरा पिल्लं धरली तर साधारण २२० चौरस फूट, म्हणजे वीस बाय अकराचा माच पुरतो. बोकडाचा आणि पिल्लांचा कप्पा वेगळा. विणाऱ्या शेळीसाठी एक कोपरा फळ्या सरकवून बंद करता येईल असा ठेवा.

पाऊस नैऋत्येकडून मारतो. त्या बाजूची भिंत माचाच्या वर तीन-साडेतीन फूट बंद आणि त्यावर झापं (माडाच्या विणलेल्या झावळ्या) किंवा जाड ताडपत्री, गरजेप्रमाणे वर-खाली करता येणारी. बाकीच्या बाजू मोकळ्या. लोक इथे हमखास चुकतात. थंडी लागेल म्हणून चारही बाजू बंद करतात आणि आत मुताचा अमोनिया कोंडतो. शेळीला कोरड्या अंगावरची थंडी सोसते, कोंडलेली हवा सोसत नाही. खोकला, शेंबूड, मग न्यूमोनिया. परीक्षा अशी: सकाळी आत जाऊन शेळीच्या तोंडाच्या उंचीवर वाका आणि श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर भिंत उघडा. छपराची पागोळी गोठ्याच्या बाहेर किमान तीन फूट पडली पाहिजे आणि त्या पाण्याला वाट पाहिजे. कौलं असतील तर उत्तम. पत्रा असेल तर वर पेंढा किंवा झापं टाका, एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालची शेळी धापा टाकते.

खरेदी: दिवाळीनंतर

नवीन शेळ्या नोव्हेंबर ते जानेवारीत आणा. जमीन सुकलेली, पाला भरपूर आणि पावसाआधी रुळायला पाच-सहा महिने हातात. मेमध्ये शेळी स्वस्त दिसते, ती का स्वस्त असते ते माझ्या पहिल्या वर्षाने मला शिकवलं.

जात निवडताना माझं मत स्पष्ट आहे: सिंधुदुर्गातली कोकण कन्याळ. काळ्या अंगाची, तोंडावर नाकपुडीपासून कानापर्यंत दोन्ही बाजूंनी पांढरे पट्टे, लांब लोंबते कान, उंच पाय. ही जात इथल्याच पावसात आणि डोंगरउतारावर घडलेली आहे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने तिच्यावर काम केलं आणि आता ती देशातल्या नोंदणीकृत जातींमध्ये आहे. उस्मानाबादी जुळी देण्यात नावाजलेली आहे, पण ती कोरड्या हवेची. ठेवायचीच असेल तर इथे जन्मलेली, निदान एक पावसाळा काढलेली घ्या. तुमच्या वाडीत गावठी शेळ्या असतील तर त्यातल्या दोन-तीन चांगल्या माद्या आणि एक उमदा कन्याळ बोकड ही सुरुवातही वाईट नाही.

बाजारापेक्षा घरून घेतलेली शेळी बरी, कारण तिची आई बघायला मिळते. विकत घेताना मागून बघा: शेपटीखाली हगवणीचे डाग नकोत. चालवून बघा: लंगडत असेल तर सोडा. खालची पापणी ओढून आतला रंग बघा, तो लाल-गुलाबी हवा. कास दाबून बघा, गाठ नको. दोन ते चार दाती, म्हणजे तेवढे पक्के दात आलेली, मादी सगळ्यात फायद्याची. सुरुवातीला चार-पाच माद्या पुरे. वीस आणून शिकणं महाग पडतं.

घरी आणल्यावर २१ दिवस वेगळ्या ठेवा, वेगळी बादली, वेगळा चारा. पीपीआर, म्हणजे शेळ्यांची बुळकांडी, बऱ्याचदा बाजारातल्या शेळीबरोबरच घरात येते. ताप, नाका-डोळ्यांतून घाण, तोंडात फोड, हगवण, एवढं दिसायला काही दिवस जातात आणि तोवर सगळा कळप एका टोपलीत खाऊन मोकळा झालेला असतो. घरात थर्मामीटर ठेवा. शेळीचं तापमान १०१.५ ते १०३.५ फॅरनहाइट असतं. १०४ च्या वर गेलं की डॉक्टरांना फोन. सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक १९६२.

चारा: गवत नव्हे, पाला

गाय गवत चरते, शेळी झाड खाते. तिला मान वर करून खायला आवडतं आणि तेच तिच्या तब्येतीला बरं. कोकणात या बाबतीत आपण श्रीमंत आहोत. फणसाचा पाला शेळीच्या पुढ्यात टाका, बाकी सगळं सोडून ती तिकडे धावते. वड, उंबर, शेवरी, हदगा, शेवगा, सुबाभूळ, गिरिपुष्प हे सगळं चालतं. गिरिपुष्प ताजं असताना वासामुळे ती नाक मुरडते, एक दिवस सुकवून द्या. सुबाभूळ मात्र एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर नको, त्यातल्या मायमोसिन नावाच्या द्रव्याने केस गळतात. गडग्याच्या कडेने शेवरी आणि गिरिपुष्पाची वई लावली की दुसऱ्या वर्षापासून कापता येते.

मोठ्या शेळीला दिवसाला तीन-चार किलो हिरवा पाला, अर्धा ते एक किलो सुका चारा आणि खनिज मिश्रण. विटेच्या आकाराची क्षार चाटण टांगून ठेवा. आंबोण, म्हणजे भरड्या-पेंडीचं खाद्य, सगळ्यांना रोज लागत नाही. गाभण शेळीला शेवटचा दीड महिना २५० ग्रॅम, विल्यावर जुळी असतील तर थोडं जास्त. घरी करायचं तर भरडलेला मका ४० भाग, भाताचा कोंडा ३२, पेंड २५, खनिज मिश्रण २, मीठ १. खोबऱ्याची पेंड आपल्याकडे मिळते, पण पावसाळ्यात खवट होते, महिन्यापुरतीच आणा. बुरशी आलेला पेंढा किंवा पेंड "थोडीच तर आहे" म्हणून घालू नका; ती बुरशी यकृत खाते आणि गाभण शेळी गाभडते.

भात, म्हणजे शिजलेला भात, याबद्दल वेगळं सांगते. लग्नातल्या पंगतीनंतर उरलेला भात शेजारी प्रेमाने आणून टाकतात. शेळीच्या पोटात एकदम एवढं पीठ गेलं की ते आंबतं, पोट आम्ल होतं आणि दुसऱ्या दिवशी शेळी आडवी. आमची एक गाभण शेळी अशीच गेली, पाटीभर भात खाऊन. कोंबड्यांचं खाद्य आणि काजूची बोंडं यांचंही तसंच. बोंडं सुकवून मूठ-मूठ दिली तर चालतात, झाडाखाली ढिगात सोडलेली शेळी झिंगते.

विषारी झाडं मोजकी आहेत, पण ती ओळखायला हवीत. कण्हेर थोडीही चालत नाही. घाणेरी भुकेली शेळीच खाते, मग तिचं यकृत बिघडतं आणि उन्हात कातडी सोलपटते.

पावसाळ्याचा चारा आधी साठवावा लागतो, कारण सलग चार-पाच दिवस धुवांधार लागला की कुणी विळा घेऊन बाहेर पडत नाही. दाणे काढल्यावरचा पेंढा, कुळथाचं-चवळीचं भुसकट आणि एप्रिलमध्ये सावलीत सुकवलेला पाला माळ्यावर ठेवा. ओला पाला आणलात तर आधी पडवीत टांगून निथळू द्या.

बोकड कधी सोडायचा

शेळीचा गाभणकाळ १५० दिवसांचा, पाच दिवस इकडे-तिकडे. म्हणजे जानेवारीच्या सुरुवातीपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जी शेळी भरली, ती जून ते सप्टेंबरात विणार. ओल्या हवेत जन्मलेलं पिल्लू जगवायला दिवसरात्र बसावं लागतं आणि एवढं करूनही निम्मी हाती लागतील याची खात्री नाही. म्हणून त्या चार महिन्यांत बोकड वेगळा बांधायचा. कळपाबरोबर चरायला सोडायचा नाही, आणि शेजाऱ्याचा बोकड मोकळा फिरत असेल तर त्याच्याशीही बोलून घ्यायचं.

मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत बोकड सोडा. त्याआधी दोन-तीन आठवडे माद्यांना रोज दोनशे ग्रॅम आंबोण द्या. अंगात ताकद आली की त्या नीट माजावर येतात आणि जुळ्यांचं प्रमाण वाढतं. माज २१ दिवसांनी येतो आणि दिवस-दीड दिवस टिकतो: शेपूट हलवणं, ओरडणं, दुसरीवर चढणं, योनीतून चिकट स्राव. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी आणि पुन्हा दुसऱ्या सकाळी भरवा. १ जूनला भरलेली शेळी २९ ऑक्टोबरच्या आसपास विते. तेव्हा पाऊस संपलेला, पाला मुबलक, ऊन कोवळं, म्हणजे पिल्लांना याहून चांगला मोसम नाही.

पुस्तकात दोन वर्षांत तीन वेत लिहिलेले असतात. इथे ते बसवायचे तर एक वेत मेमध्ये येतो आणि महिन्याभराची पिल्लं मृगात सापडतात. मी वर्षाला एकच वेत घेते. हिशेबात पिल्लं कमी दिसतात, गोठ्यात जास्त राहतात. पाटीला, म्हणजे अजून न व्यालेल्या तरण्या मादीला, दहा-बारा महिन्यांची आणि वीस किलोच्या आसपास झाल्याशिवाय भरवू नका. वीस-पंचवीस माद्यांना एक बोकड पुरतो, पण दोन वर्षांत बदला, नाहीतर तो स्वतःच्याच मुलींना भरवतो. चार-पाच शेळ्या असतील तर तीन घरांनी मिळून एक चांगला बोकड ठेवणं शहाणपणाचं.

विल्यानंतरचा पहिला तास

पिल्लाचं नाक-तोंड पुसा, आईला चाटू द्या. नाळ बेंबीपासून दोन इंचांवर स्वच्छ ब्लेडने कापा आणि टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा, नुसतं वरून लावून भागत नाही. कासेतल्या पहिल्या दोन-चार धारा जमिनीवर पिळून सडाचं तोंड मोकळं करा आणि तासाभरात पिल्लाच्या पोटात चीक गेलाच पाहिजे. चोवीस तासांत त्याच्या वजनाच्या एक दशांश, म्हणजे दोन किलोच्या पिल्लाला २०० मिली, तीन-चार वेळा विभागून. जुळ्यांत दांडगं पिल्लू दोन्ही सड धरून बसतं, लहान्याला हाताने धरून पाजा. "पहिला चीक जड पडतो" म्हणून तो काढून टाकणारी माणसं अजून आहेत. पिल्लाची रोगाशी लढायची ताकद त्याच चिकातून येते, आईच्या पोटात ती मिळत नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून कोवळा पाला टांगून ठेवा, खेळता खेळता खातात. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना रक्ताची हगवण लागली तर ती बहुधा कॉक्सिडिया नावाच्या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीची असते, जंताच्या औषधाने थांबत नाही. तीन महिन्यांनी दूध तोडा. नर पिल्लं चार महिन्यांच्या आत वेगळी करा, तेवढ्या वयात ती उद्योगी होतात.

जंत: खरी लढाई इथे

कोकणातल्या शेळीचा सगळ्यात मोठा शत्रू बिबट्या नाही, पोटातला जंत आहे. त्यातला सगळ्यात घातक रक्त पिणारा गोलजंत. लेंडीतून अंडी पडतात, पावसात आठवड्याभरात अळ्या होतात आणि ओल्या गवताच्या काडीवर चढतात, पण फार उंच नाही, जमिनीपासून जेमतेम वीतभर. म्हणूनच टांगलेला पाला खाणाऱ्या शेळीला जंत कमी आणि बांधावरचं कोवळं गवत कुरतडणाऱ्या शेळीला जास्त. पावसाळ्यात शेळ्या सोडायच्याच असतील तर दव आणि ओल सुकल्यावर, दहाच्या पुढे, आणि झुडपांच्या डोंगरात. मळ्यात नको.

मळ्याचं दुसरं कारण म्हणजे यकृतातला पर्णकृमी, पानाच्या आकाराचा. तो भातशेतीतल्या आणि व्हाळातल्या गोगलगायींमधून येतो. कापणीनंतर मळ्यात सोडलेल्या गुरांना आणि शेळ्यांना तो त्या काळात लागतो आणि त्रास थंडीत दिसतो: शेळी रोडावते, जबड्याखाली पाण्याची सूज येते. साधं गोलजंताचं औषध याच्यावर नेहमी पुरत नाही, डॉक्टरांना "पर्णकृमीचं" असं स्पष्ट सांगून औषध घ्या.

मी असं करते. मेच्या सुरुवातीला, बोकड सोडायच्या आधी, सगळ्यांना जंताचं औषध. त्यानंतर पावसाळाभर दर पंधरा दिवसांनी प्रत्येक शेळीची पापणी ओढून बघते. लाल किंवा गुलाबी असेल तर औषध नाही. फिकट असेल, तर तिला. पांढरीफटक असेल तर त्याच दिवशी, आणि डॉक्टरही. दर महिन्याला सरसकट सगळ्यांना पाजत गेलं की जंत औषधाला सरावतात आणि मग खरी गरज असते तेव्हा बाटली पाण्यासारखी होते. नोव्हेंबरात पर्णकृमीसाठी पुन्हा एकदा. शंका आली तर सकाळची ताजी लेंडी डबीत घालून तालुक्याच्या दवाखान्यात न्या, तपासून देतात. वजन करूनच मात्रा ठरवा, अंदाजाने दिलेली मात्रा बहुतेक वेळा कमी पडते. अल्बेंडॅझोल गाभणपणाच्या पहिल्या दीड-दोन महिन्यांत देऊ नका, पिल्लांत व्यंग येतं. मे-जूनमध्ये बोकड सोडणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवायचं: औषध आधी, बोकड नंतर.

लसी

जंताच्या औषधानंतर आठ-दहा दिवसांनी लस, आणि दोन लसींत दोन-तीन आठवड्यांचं अंतर. आंत्रविषाराची लस पावसाआधी. पहिल्यांदा देत असाल तर १४ दिवसांच्या अंतराने दोनदा, पुढे दर वर्षी एकदा. पहिल्या पावसाचं लुसलुशीत गवत हावरटासारखं खाल्लेली धडधाकट शेळी सकाळी मेलेली सापडते, तो बहुधा हाच रोग. पीपीआरची लस पिल्लू चार महिन्यांचं झालं की, ती साधारण तीन वर्षं पुरते. घटसर्प पावसाआधी. लाळ्या-खुरकूत गावात गुरांना टोचायला येतात तेव्हाच शेळ्यांचंही विचारून घ्या. लसीची बाटली बर्फातून आलेली असावी, खिशातून नव्हे.

खुरं आणि पोट

पावसाआधी आणि पावसात एकदा खुरं कापा. लंगडी शेळी दिसली की खुरांमधली बेचकी बघा, तिथे सडका वास येतो. खुर साफ करून पाच टक्के मोरचुदाच्या पाण्यात, म्हणजे दहा लिटरला अर्धा किलो, पाच मिनिटं उभी करा आणि मग कोरड्या माचावर. ते पाणी शेळीने पिता कामा नये, विषारी आहे. विहिरीजवळ ओतूही नका.

डावी कूस फुगून ढोलासारखी वाजली तर पोटफुगी. पन्नास ते शंभर मिली गोडंतेल हळूहळू पाजा, मान फार वर न करता, नाहीतर तेल फुप्फुसात जातं. पुढचे पाय उंचावर राहतील असं उभं करा आणि डावी बाजू चोळा. अर्ध्या तासात उतार नसेल तर घरगुती उपाय थांबवा आणि डॉक्टर बोलवा.

कोंबड्या आणि गाय

कोंबड्या परड्यात असाव्यात, पण रात्रीची खुराडी शेळ्यांच्या माचाखाली नको. त्यांची विष्ठा चाऱ्यात आणि पाण्यात जाते. दिवसा त्या लेंडीतल्या अळ्या वेचतात, ते बरंच. गावठी कोंबड्यांना मानमोडी एका आठवड्यात संपवते, म्हणून पिल्लांना पाचव्या-सातव्या दिवशी लासोटा लसीचा थेंब आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी ही लस, दोन्ही मानमोडीवरच्या. एवढंच केलं तरी निम्मं काम झालं.

गाय ठेवायची तर कोकण कपिला. बुटकी, काटक, डोंगर चढणारी, थोड्या खाण्यावर भागवणारी. दूध थोडंच, घरापुरतं. गाय आणि शेळीला पर्णकृमी सामाईक, तेव्हा औषध दोघांना एकाच वेळी.

शेजारी आणि बिबट्या

काजूची नवी कलमं लावलेल्या शेजाऱ्याच्या आवाठात शेळी एकदा शिरली की दहा वर्षांची ये-जा संपते. शेळी कलमांपासून दूर दाव्याला बांधा किंवा माणूस बरोबर पाठवा. बिबट्यासाठी संध्याकाळी सहाच्या आत शेळ्या माचावर, दार आतून नव्हे बाहेरून कडीने बंद, आणि मोकळ्या बाजूंना जाड जाळी, वरच्या कौलांपर्यंत. त्याने शेळी मारलीच तर मढं हलवू नका, लगेच वनरक्षकाला कळवा. पंचनाम्याशिवाय भरपाई मिळत नाही.

विक्री

ऑक्टोबर-नोव्हेंबरातले बोकड आषाढात आठ-नऊ महिन्यांचे होतात. श्रावण लागायच्या आधी, गटारीच्या आठवड्यात, मटणाला मागणी सगळ्यात जास्त असते, आणि पावसात सांभाळायचं ओझंही कमी होतं. बकरी ईद दर वर्षी साधारण ११ दिवस अलीकडे सरकते. कुर्बानीला पूर्ण एका वर्षाचा, निर्व्यंग बोकड लागतो, म्हणजे आदल्या वर्षाचे दोन-तीन चांगले नर त्यासाठी राखून ठेवायचे.

व्यापारी कंबर चापचून "अठरा किलो असेल" म्हणतो. काटा नसेल तर शिवणाची टेप काढा. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचात मोजा. त्याचा वर्ग करा, त्याला खांद्यापासून माकडहाडापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ६६० ने भागा. घेर २६ आणि लांबी २४ असेल तर २६ गुणिले २६ गुणिले २४ भागिले ६६०, म्हणजे साडेचोवीस किलो. सकाळी उपाशीपोटी मोजा आणि आकडा खडूने दारावर लिहून ठेवा. व्यापारी दार उघडून आत येतो तेव्हा त्याला तो दिसतो.